चारातलं एक बरोबर

वाचनाच्या बाबतीत माझा हात धरेल असा माणूस तापीपासून वर सातपुड्यापर्यंत सापडायचा नाही, असं मी त्या काळी उघड बोलत असे. मनात नव्हे, चावडीसमोर. ऐकणाऱ्यांत निम्म्यांना अक्षरओळख नव्हती आणि उरलेल्यांना माझ्याकडून काही ना काही लिहून घ्यायचं असे, त्यामुळे विरोध कधी झाला नाही.

मी खापरच्या शाळेचा हंगामी हेडमास्तर. दोधू मास्तर म्हटलं की खापरमध्ये मीच. वर्तमानपत्र तीन दिवस शिळं होऊन यायचं, ते मी मोठ्याने वाचायचो. पण माझं खरं नाव झालं ते पत्रांमुळे. गावातली माणसं सुरतेकडे कामाला जात, तिकडून कोणाकडून तरी चार ओळी लिहून पाठवत, आणि त्या ओळी घेऊन त्यांच्या आया माझ्या ओट्यावर येत. आता पत्रात काय असायचं? 'मी बरा आहे. इकडे पाऊस आहे.' एवढंच. ती बाई दोन कोसांवरून चालत आलेली. तिला काय पाऊस वाचून दाखवू? मग मी जरा भर घालायचो. 'आई, तुझ्या हातच्या भाकरीची फार आठवण येते. रात्री डोळे भरून येतात.' बाई पदराने डोळे पुसायची, मीसुद्धा चष्मा काढून पुसायचो, आणि दोघंही समाधानाने उठायचो. एकोणीस वर्षांत एकच तक्रार आली. एकीचा मुलगा खरोखरच परत आला, तेव्हा चार दिवसांनी ती मला म्हणाली, "मास्तर, चिठ्ठीमातला जास्त चांगला व्हता."

हा माझा वाचनाचा अनुभव. आणि मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली शिक्षण खात्याने परिपत्रक काढलं की सर्व हंगामी हेडमास्तरांची आणि त्यांच्या सहशिक्षकांची वाचनाची परीक्षा घ्यायची.

परीक्षाही साधी नव्हे, नव्या पद्धतीची. एक साहेब विलायतेला जाऊन आले होते. माणसं तिकडून घड्याळ आणतात, छत्री आणतात. यांनी परीक्षा आणली. छापील उतारा द्यायचा, खाली प्रश्न द्यायचा, आणि प्रश्नाखाली चार उत्तरं तयारच द्यायची. त्यातलं एक बरोबर. आपण नुसती खूण करायची. हे ऐकून मी इतका हसलो की माझा सहशिक्षक भिला मास्तर घाबरला.

"भिला," मी म्हणालो, "उत्तरसुद्धा तेच देणार? अरे, ही परीक्षा आहे की जेवणावळ?"

भिला हसला नाही. त्याने परिपत्रकाचा शेवटचा परिच्छेद वाचला होता. मी तिथपर्यंत गेलो नव्हतो, कारण वरच्या दोन परिच्छेदांवरून पुढचं मला समजलं होतं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की नापास होतील त्यांना तीन वर्षं डोंगरी शाळांवर पाठवण्यात येईल.

आता हे जरा सांगायला हवं. आमची पहिली नेमणूक डोंगरातलीच होती. मला हिवताप, माझ्या बायकोला हिवताप. क्विनीन खाऊन तिच्या कानात वर्षभर घंटा वाजत होती. आमची तान्ही मुलगी तिथेच मातीत ठेवून आम्ही खाली उतरलो. त्यावर घरात कधी बोलणं होत नसे. परिपत्रक मी घरी वाचून दाखवलं तेव्हा निर्मलाबाई चुलीपुढे बसली होती. तिने भाकरी उलटली आणि एवढंच म्हणाली, "तुमले जानं पडनं ते जा. मी तठे परत येवाव नही. एक डाव जाई उनू, पुरं शे."

"अगं, पण नापास होतंय कोण?" मी म्हणालो.

तिने दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

महिन्याभराने ते विलायती साहेब फिरतीवर खापरला आले. मीच त्यांना गळ घातली की साहेब, एखादा नमुना बघायला मिळाला तर बरं. त्यांनी पिशवीतून दहा प्रश्नांचा कागद काढला. मी शाळेच्या टेबलाशी बसलो, सगळी शाळा गप्प बसवली, आणि पाच मिनिटांत कागद परत दिला. दहात दोन बरोबर आली. त्यातलं एक खूण चुकून खालच्या ओळीवर पडल्यामुळे.

पहिला उतारा मला अजून पाठ आहे. 'एक शेतकरी बैल घेऊन बाजारास निघाला. वाटेत नदीला पाणी होते, म्हणून थांबावे लागले. तो पोहोचला तेव्हा बाजार उठला होता. तो बैल घेऊन घरी परत आला.' प्रश्न: शेतकरी बैल घेऊन परत का आला? उत्तरं: एक, बैलाला योग्य किंमत आली नाही. दोन, बाजार उठला होता. तीन, शेतकऱ्याचे बैलावर प्रेम होते. चार, त्याला नदीची भीती वाटली.

मी तीन नंबरवर खूण केली. कोणीही सहृदय माणूस करील. नदीकाठी थांबला असताना त्याने बैलाच्या डोळ्यांत बघितलं असेल, बैलाने मान घासली असेल, शेतकऱ्याचं मन बदललं असेल! मी हे साहेबांना जरा रंगवून सांगितलं. मागच्या बाकावर चौथीची दोन मुलं रडायला लागली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही उतारा वाचलात की लिहिलात?"

मग त्यांनी मला त्या परीक्षेचं मर्म सांगितलं. चुकीची तीन उत्तरं नुसती चुकीची नसतात, मुद्दाम गोड केलेली असतात. एक असतं जगात खरं पण उताऱ्यात नसलेलं. एक असतं उदात्त. एकात उताऱ्यातलेच शब्द उचलून ठेवलेले असतात. "जे उत्तर सगळ्यांत जवळचं वाटेल, तिथे गळ आहे असं समजा," साहेब म्हणाले आणि मोटारीत बसून गेले. जाताना तो दहा प्रश्नांचा कागद आणि सरावासाठी आणखी काही उतारे उत्तरांसकट ठेवून गेले. माझी दोन मार्कांची बातमीही ते गावातच ठेवून गेले असावेत, कारण संध्याकाळपर्यंत ती सगळीकडे होती.

गावात सल्ला मागावा लागत नाही. पहिले आले शेजारचे धुडकू अण्णा. कोर्टात तीस वर्षं पट्टेवाले होते. लिहिता-वाचता येत नसे, पण कायद्याचा वास अंगाला कायमचा लागलेला.

"मास्तर," ते ओट्यावर मांडी ठोकून म्हणाले, "चार उत्तरं म्हंजे चार साक्षीदार. मी आख्खी जिंदगी साक्षीदार देखात. पहिला घाबरेल ऱ्हास. दुसराले वकीलनी शिकाडेल ऱ्हास. चौथाले घर जावानी घाई ऱ्हास. खरं बोलस तो तिसरा. डोया मिटीसन तिसरावर बोट ठेव."

"पण अण्णा, मी तिसऱ्यावरच खूण केली होती आणि तेच चुकलं."

"मग तो साहेब फुटेल व्हई," अण्णा म्हणाले.

त्यांची बायको शोभाबाई कुडापलीकडून ऐकत होती. तिचं म्हणणं, जे उत्तर सगळ्यांत लांब तेच खरं. "खोटं बोलनाराले इतलं सुचस का?"

"लांब बोलस तोच खोटा!" अण्णा ओरडले. "तुन्हाकडेच देख ना! सकायपाईन काय बोली ऱ्हायनी?"

त्यावर त्या दोघांचं जे सुरू झालं त्यात माझी परीक्षा बाजूला राहिली. तीन दिवस त्यांची चूल वेगवेगळ्या वेळी पेटली, आणि शोभाबाई निर्मलाबाईला सांगत फिरली की तुमच्या मास्तरांच्या परीक्षेने माझा संसार मोडला.

इकडे अर्जाची भानगड. परीक्षेला बसायच्या अर्जासोबत 'उमेदवारास मराठी वाचता येते' असा दाखला हवा, आणि तो हेडमास्तरच्या सहीचा हवा. हेडमास्तर मीच. मी स्वतःलाच दाखला दिला, तो परत आला. शेरा होता, 'उमेदवाराने स्वतःविषयी प्रमाणपत्र देऊ नये.' भिलाने सही केली, तीही परत आली, कारण भिला हाताखालचा. शेवटी कळवलं गेलं की गावातल्या प्रतिष्ठित इसमाचा दाखला चालेल. पाटील गावाला गेलेले, मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. तेव्हा दोधू मास्तरांना उत्तम वाचता येतं हे आम्ही स्वतः पाहिलेलं आहे, अशा मजकुराखाली धुडकू अण्णांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. दाखला मंजूर झाला. एकोणीस वर्षं पोरांना वाचायला शिकवल्यानंतर मला वाचता येतं याला सरकारदरबारी पुरावा काय, तर तो अंगठा. अण्णांनी तो उठवण्याआधी मला अर्धा तास थांबवलं. म्हणाले, विचार करनं पडी.

याच सुमाराला करमसिंग आला. मोलगीच्या पलीकडच्या पाड्यावरचा हा पन्नाशीचा माणूस, वर्षातून दोनदा खापरच्या बाजाराला उतरायचा. जंगलाच्या नाक्यावर त्याची कुऱ्हाड ठेवून घेतली होती, ती परत मिळावी म्हणून अर्ज लिहून हवा होता. ओट्याखाली उकिडवा बसून तो म्हणाला, "लिख मास्तर. कुऱ्हाड मन्ही शे. परत दे. बस."

'कुऱ्हाड माझी आहे, परत द्या' असा अर्ज माझ्या हातून लिहिला जाणं शक्य नव्हतं. मी लिहिलं, 'अर्जदार हा अत्यंत गरीब, सरळमार्गी व राजनिष्ठ इसम असून सदर कुऱ्हाडीने त्याने सागाचे झाड कधीही तोडलेले नाही.' सागाचं वाक्य मला फार आवडलं. वाचून दाखवताना ते मी गाळलं, कारण त्याला समजावून सांगत बसायला वेळ नव्हता.

दोन आठवड्यांनी करमसिंग परत आला. या वेळी तो बसला नाही.

"साग कोनी सांगा?" त्याने विचारलं.

नाक्यावरच्या लोकांनी अर्ज वाचला होता आणि त्यांना प्रश्न पडला होता की सागाची गोष्ट तर आम्ही काढलीच नव्हती, मग हा नाही कशाला म्हणतो? कोणता साग? कुठला? कधी तोडला? कुऱ्हाड राहिली बाजूला, करमसिंगच्या तीन चौकश्या झाल्या. तीन वेळा डोंगर उतरून, तीन वेळा चढून तो बिचारा अर्धा झाला होता.

माझ्यासमोर सरावाचे उतारे पसरलेले होते. शरम लपवायला काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "चौकशीत तू काय सांगितलंस?"

"तो बोलना, झाड तू तोडं, तुन्हा भाऊनी तोडं, पाडानी तोडं, का जो पयी गया त्यानी तोडं? चारमातलं एक सांग."

मी ताठ बसलो. "आणि तू?"

"मी बोलनू, झाड मी पडेल देखं." तो थांबला. "मी पडेलच देखं ना! कोनी पाडं ते मी कसाले सांगू? सांगं की अडकनू."

तीन चौकश्यांत त्याने झाड पडलेलं पाहिलं एवढंच एक वाक्य सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा सुटला होता. कुऱ्हाड सुटली नव्हती, माणूस सुटला होता.

मी समोरचा उतारा उचलला आणि त्याला वाचून दाखवला. एका गावातल्या विहिरीचं पाणी खारट होतं. लोक पाण्याला नदीवर जात. पाटलाने नवी विहीर खणली. तरी लोक नदीवरच जात राहिले. प्रश्न: नव्या विहिरीचं पाणी कसं होतं? गोड, खारट, थंड, की सांगितलेलं नाही? हा प्रश्न मी आदल्या दिवशी घरात विचारला होता. मी स्वतः 'खारट' म्हणालो होतो, कारण नाहीतर लोक नदीवर कशाला जातील? निर्मलाबाई आतून म्हणाली होती, "गोड ऱ्हाई. बाया नदीवर काय पानीसाठे जातस का? बोलासाठे जातस." मला ते इतकं पटलं होतं की मी खारट खोडून गोड केलं होतं. ते चुकलं होतं.

करमसिंगने विचारलं, "नवी विहीरनं पानी कोनी पिनं?"

"तसं नाही लिहिलेलं."

"मग मले काय विचारस? तू सांगं नही, मी पिनू नही."

त्या दुपारी मी त्याला दहा उतारे वाचून दाखवले. दहाच्या दहा बरोबर. बैलाच्या उताऱ्यावर तर तो चिडला. "बाजार उठना ते बैल घर आना. प्रेम कोठे शे? तू सांगं का प्रेम?" मी म्हटलं, मी नाही सांगितलं. "मग बैल घरमा बांध नि गप बस!"

असा मी वाचायला शिकलो. एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर, ज्याला मी बुडवलं त्याच्याकडून. त्याचा दुसरा अर्ज मी त्याच्या शब्दांत लिहून दिला. आता कुऱ्हाड एका निराळ्या चौकशीची वस्तू झाली आहे असं उत्तर त्याला मिळालं.

पण मी बदललो. पत्रं घेऊन आलेल्या आयांना मी जे लिहिलं आहे तेच वाचायला लागलो. 'मी बरा आहे. इकडे पाऊस आहे.' बाई वाट बघायची. मी कागद घडी करून परत द्यायचो. दोन महिन्यांत माझ्या ओट्यावर कोणी येईनासं झालं. सगळी पत्रं भिलाकडे जायला लागली. भिलाला वाचताना अडखळायला होई, पण तो रडायचा छान.

परीक्षा नंदुरबारला. तळोद्यापर्यंत सर्व्हिस मोटार, ती निम्म्या वाटेत बंद पडली आणि आम्हा उमेदवारांना ढकलायला लावलं. तापीवर नावेत भिलाची पिशवी भिजली. तिच्यात त्याच्या बायकोने दिलेले लाडू होते आणि माझा कोट होता. अशा गोड कोटात मी परीक्षेला बसलो. माझ्याभोवती मुंग्यांची रांग लागली होती आणि देखरेखीवरचे गृहस्थ तिच्याकडे संशयाने बघत होते.

कागद हातात आला. वर सूचना होती, 'बरोबर उत्तरावर फुली मारावी.' आता आम्ही सगळे मास्तर. फुली म्हणजे चूक, हे आमच्या बोटांत मुरलेलं. आजूबाजूला पेन्सिली घुटमळत होत्या. बरोबर उत्तरावर फुली मारायची म्हणजे शहाण्या पोराच्या थोबाडीत मारण्यासारखं. भिलाला ते जमलंच नाही. त्याने प्रत्येक प्रश्नात तीन चुकीच्या उत्तरांवर फुल्या मारल्या आणि बरोबर उत्तर अभिमानाने मोकळं ठेवलं. मी मात्र सूचनेत जे लिहिलं होतं तेच केलं. करमसिंग जणू माझ्या कानात बसला होता. तू सांगं का? नही. मग सोड. एक उतारा आईच्या मायेवरचा होता, त्यात चार उत्तरांपैकी दोन इतकी हृदयद्रावक होती की पूर्वीचा मी जागीच नापास झालो असतो. मी कोरड्या डोळ्यांनी 'तिने दार लावले' यावर फुली मारली. चाळीस प्रश्न झाले. मला कळत होतं की चाळीसही बरोबर आहेत.

शेवटी आणखी एक कागद वाटला. त्याच छपाईचा, तसेच प्रश्न, तशीच चार-चार उत्तरं. पाचवा प्रश्न होता, 'डोंगरी भागातील शाळेवर काम करण्यास आपली हरकत आहे काय? एक, हरकत आहे. दोन, हरकत नाही. तीन, विचार करून कळवीन. चार, सांगता येत नाही.'

पहिलं उत्तर बघताच माझा जीव त्याच्याकडे धावला. आणि तिथेच मी सावध झालो. सगळ्यांत जवळचं वाटतं तिथे गळ! माझ्या मनात हरकत होती, पण मनातलं कोणी विचारलं होतं? वर उतारा कुठे होता? उताऱ्यात कुठे लिहिलं होतं की या उमेदवाराची हरकत आहे? मी कागद उलटून बघितला. मागे कोरा. तेव्हा ज्याला वाचनाचा थोडासुद्धा सराव आहे त्याच्यापुढे एकच उत्तर उरत होतं. मी चौथ्यावर फुली मारली, कोटावरच्या मुंग्या झटकल्या आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो.

निकाल लागला. चाळीसपैकी चाळीस, सबंध भागात पहिला. अभिनंदनाचं पत्र आलं आणि त्याच लिफाफ्यात हुकूम. 'उमेदवाराने माहितीपत्रकात डोंगरी भागाविषयी हरकत नोंदवली नसल्याने, व त्या भागास उत्तम वाचकाची गरज असल्याने, मोलगी येथे नेमणूक करण्यात येत आहे.' भिला नापास. पण त्याने माहितीपत्रकावर सवयीप्रमाणे तीन फुल्या मारल्या होत्या, त्यामुळे त्याचं म्हणणं काय ते कोणालाच ठरवता येईना. निर्णय होईपर्यंत त्याला खापरलाच हेडमास्तर म्हणून ठेवलं.

मी तीन अर्ज केले. तिसऱ्याचं उत्तर आलं की आपण विचारपूर्वक दिलेलं उत्तर नंतर बदलू देणं परीक्षेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. धुडकू अण्णांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तिसरावर बोट ठेवतास ते वाचतास."

खरंच वाचलो असतो. तिसरं उत्तर 'विचार करून कळवीन' होतं.

निर्मलाबाईने भांडण केलं नाही. तिचा भाऊ शहाद्याकडून बैलगाडी घेऊन आला. ती आपली दोन लुगडी, पाटा आणि तुळशीचा डबा घेऊन गाडीत बसली.

मी गाडीच्या मागे उभा राहून म्हणालो, "होळीनंतर येशील?"

"देखू," ती म्हणाली.

गाडी वळेपर्यंत मी तिथेच होतो. जुना मी असतो तर 'देखू' या एका शब्दाची दोन पानं केली असती. पण ती 'देखू' म्हणाली होती. येते म्हणाली नव्हती, येत नाही म्हणाली नव्हती.

मोलगीला बाजाराच्या दिवशी पोचलो. करमसिंगने माझी ट्रंक वर चढवली. कुऱ्हाड अजून नाक्यावरच होती. शाळा म्हणजे कुडाची एक खोली. तिच्यात मी, अकरा मुलं आणि साहेबांनी पाठवलेले चारशे उतारे. मुलांना मराठी येत नव्हती. त्यांना उताऱ्यात काय सांगितलं आहे तेच कळत नसल्यामुळे, काय सांगितलेलं नाही ते कळायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात मला हिव भरलं. रात्री घोंगडीखाली कुडकुडताना मी मनातल्या मनात निर्मलाबाईकडून मला पत्रं लिहायचो आणि स्वतःलाच वाचून दाखवायचो. फार सुरेख पत्रं होती ती. सकाळी त्यांतलं एकही खरं नाही हे मला स्वच्छ कळायचं.

होळी झाली. मी जवाबी कार्ड घेतलं, उत्तरासाठी दुसरं कार्ड जोडलेलं. निर्मलाबाईला लिहिता येत नाही. तिच्या भावाला येतं, पण पत्र लिहून देणारी माणसं मधे आपलं काय काय घालतात हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तिचं उत्तर मला तिचंच हवं होतं, एक अक्षर कमी नको आणि एक जास्त नको. म्हणून उत्तराच्या अर्ध्या कार्डावर, पत्त्याच्या शेजारच्या जागेत, मी बारीक अक्षरांत चार ओळी लिहिल्या. एक, येते. दोन, पाऊस संपल्यावर येते. तीन, येत नाही. चार, आताच सांगता येत नाही. भावाने ओळी वाचून दाखवायच्या, तिने फक्त एका ओळीवर फुली मारायची. मागची सबंध बाजू मोकळी ठेवली, तिला आणखी काही सांगायचं असलं तर.

कार्ड एकोणीस दिवसांनी परत आलं. मागची बाजू कोरी होती. पुढे चारही ओळींवर पोस्टाचा काळा शिक्का बसला होता आणि त्याखालचं काही दिसत नव्हतं.